पाच नंबरची सही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पण त्यात माझा दोष नाही, धंद्याचा आहे. सत्तावीस वर्षं मी एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाची मुद्रितं तपासते आहे. समोर आलेली प्रत्येक ओळ काहीतरी लपवते आहे, असं धरून चालायचं, यावर आमचं पोट. घरी नवरा "भाजी छान झालीये" म्हणाला, तरी मी विचारते, "का? काय हवंय?" तो बिचारा आता काही म्हणतच नाही.

आमचं कार्यालय म्हणजे छापखान्याच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. पहिलीत कार्डांची लाकडी कपाटं, दुसरीत आम्ही, तिसरीत संपादक आणि त्यांचं भिंग. एका शब्दाला एक कार्ड. त्यावर शब्द, अर्थ, आणि तो वाक्यात कसा वापरतात याचं एक उदाहरण. नावं कुणी लिहीत नाही, प्रत्येकाला नंबर. माझा चार. कार्ड निळ्या शाईत लिहायचं आणि खाली आपला नंबर टाकायचा. मी ते लाल शाईत तपासायचं. लाल शाईत काहीही बदललं, अगदी एक स्वल्पविराम उडवला, तरी कार्ड उलटं करून मागे कारण लिहायचं, आणि त्याखाली ज्याचं कार्ड असेल त्याची सही घ्यायची; सही म्हणजेही नंबरच. सही नसेल तर कार्ड पुढे जात नाही. "माणसं येतील नि जातील," संपादक म्हणतात, "कारण मागे राहिलं पाहिजे."

तर असे हे संपादक महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मला मिळणार होती. पत्र टाइप होऊन त्यांच्या खणात पडलं होतं, फक्त तारीख घालायची राहिली होती. सत्तावीस वर्षं मी त्या खुर्चीकडे दारातून बघत आले. मला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. उगाच साधेपणाचा आव कशाला आणू?

त्या मंगळवारी सकाळी मी कार्डांचा गठ्ठा ओढला आणि तपासायला बसले. अकरा-बारा कार्डं झाली असतील. पुढचा शब्द होता 'कमअपन्स'. मुळात हा शब्द मला आवडत नाही. आपल्या साध्या 'परिणाम' या शब्दाला मन नसतं. पाऊस पडला, छत्री नव्हती, भिजलो, हा परिणाम. पण कमअपन्स म्हणजे केल्याचं भरणं. माणसाने काहीतरी वाईट करून ठेवलेलं असतं, आणि ते फिरून त्याच्याच दारी येतं. शिवाय बघणाऱ्याला आतून जरा बरं वाटत असतं, ते वेगळंच. खुनशी शब्द आहे.

खाली उदाहरण होतं. इंग्रजी वाक्य, आणि त्याखाली त्याचं मराठी: "बारा वर्षं तिने आपली चूक मैत्रिणीच्या नावावर खपवली; शेवटी तिला तिचं कमअपन्स मिळालंच."

हातातलं लाल पेन आपलं नेहमीचं काम करत खाली उतरलं आणि मी कार्ड बाजूला ठेवून पुढचं घेतलं. मग पुढच्यातली एक ओळही डोक्यात शिरेना. मी मागे आले. खाली नंबर होता पाच.

मनात पाल चुकचुकणं म्हणतात ते काय, ते मला तेव्हा कळलं. मी ते कार्ड गठ्ठ्यातून काढलं, पुन्हा न बघता खणात तळाशी सरकवलं आणि खणाला किल्ली लावली. वाक्य एव्हाना पाठच झालं होतं.

पूर्वी पाच नंबर म्हणजे धाकटी. आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मी थोरली, ती धाकटी, असं सगळे म्हणत. विषम पानं माझी, सम पानं तिची. ज्याने पान वाचलं त्याने खाली आपला नंबर टाकायचा. शाळेसाठीच्या छोट्या आवृत्तीचं काम घाईत चाललं होतं तेव्हाची गोष्ट. तिची आई दवाखान्यात होती आणि धाकटीच्या रजा संपल्या होत्या. मीच तिला म्हटलं, "तू जा दुपारी, मी वाचते तुझी पानं." आणि वाचली. खाली नंबर टाकला पाच, म्हणजे तिचा अर्धा दिवस कापला जायला नको. तोवर मी भली बाई होते.

त्यांतल्याच एका पानावर दोन अर्थांची अदलाबदल झाली होती. जखम धुण्याच्या औषधाच्या पुढे 'विष उतरवण्यासाठी पोटात घेण्याचे औषध' असं छापून गेलं. एका शाळेने कळवलं, बोंबाबोंब झाली, सगळ्या प्रती परत मागवून लगद्याला धाडल्या. नशीब, कुणी काही प्यालं नाही. पण वरच्यांना कुणाचा तरी बळी हवा होता. पान काढलं, खाली नंबर पाच.

धाकटी काही बोलली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आता मी बोलेन, मग बोलेन, म्हणून. मी पेन्सिलीला टोक काढत होते. इतकं काढलं की निम्मी पेन्सिल संपली. तिला कामावरून काढलं. जाताना ती दारात थांबून एवढंच म्हणाली, "ताई, पान माझं नव्हतं हं." जशी काही मला आठवण करून देत होती.

हे जगात दोघींनाच माहीत होतं. म्हणूनच त्या मंगळवारी प्रश्न एकच होता, धाकटीने कुणाला सांगितलं?

पाच नंबर इतकी वर्षं रिकामा होता. तीन महिन्यांपूर्वी संपादकांनी तो मास्तरीणबाईंना दिला. ह्या बाई चाळिशी उलटलेल्या. शाळेत इंग्रजी शिकवायच्या. शाळा बंद पडली, दोन वर्षं घरी बसल्या, आणि आता आमच्याकडे तात्पुरत्या लागल्या होत्या. कायम करायचं की नाही ते महिनाअखेरीस ठरणार होतं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. बोलायला गोड, हसायला मोकळ्या. मला तर अशी माणसं पहिल्यापासूनच संशयास्पद वाटतात.

आता एकेक गोष्ट आठवायला लागली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "ताई, माझ्या आधी पाच नंबर कुणाचा होता हो?" का विचारावं? मध्यंतरी त्यांना खणात एक जुनी लाकडी पट्टी सापडली तेव्हा म्हणाल्या, "जिची असेल तिला नेऊन द्यायला हवी." कुठे नेऊन देणार? पत्ता कुठून आणणार? तेव्हा मी दुर्लक्ष केलं होतं. आता वाटलं, इथे पाणी मुरतंय.

मी सहज विचारल्यासारखं केलं. "बाई, तुमचं ते कमअपन्सचं कार्ड आलं माझ्याकडे."

"आलं का?" त्यांचा चेहरा उजळला. "कसं वाटलं वाक्य?"

"वाक्य काय, वाक्यासारखं वाक्य." मी म्हटलं. "अर्थाला मराठीत काय दिलंत, तेच आठवत नाही."

"करावे तसे भरावे, असं दिलंय. आधी मी लिहिणार होते, खाई त्याला खवखवे. पण ते जमेना. खवखवतं तेव्हा अजून भरलेलं नसतं ना, नुसती भीती असते. हो की नाही?"

आणि माझ्याकडे बघून हसल्या. माझ्या घशाला खरंच कोरड पडली. मी पाणी प्यायले, तर म्हणाल्या, "घसा धरलाय का ताई? गुळण्या करा."

थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "ताई, एक शंका. हा शब्द माणूस स्वतःबद्दल वापरतो का हो? म्हणजे, 'मला माझं कमअपन्स मिळालं', असं?"

"नाही," मी ताडकन म्हटलं. "हा शब्द नेहमी दुसऱ्याबद्दल. तशी टीप वेगळ्या चिठ्ठीवर द्या हवं तर, कार्डाला जोडू."

"तसंच वाटलं मला. स्वतःचं माप स्वतः कोण काढतंय!" असं म्हणून त्यांनी एका चिठ्ठीवर निळ्या शाईत टीप लिहायला घेतली.

आता तुम्ही सांगा, ही बाई साधी? मी सत्तावीस वर्षं ओळींमधलं वाचते आहे. मला कुणी शिकवायला नको.

जेवणाच्या सुट्टीनंतर माझी खात्रीच पटली. मी कपाटांच्या खोलीत 'म' चे खण बघत होते आणि मास्तरीणबाई जिन्यात फोनवर बोलत होत्या. कान देऊन ऐकायची मला सवय नाही, कान आपोआप जातात. त्या म्हणत होत्या, "टाकलं बघ तुझं वाक्य! आता छापून येणार. अगं नाही, नाव कसं घालेन? पण ज्याला कळायचं त्याला बरोब्बर कळेल." आणि खळखळून हसल्या.

मी 'म' चा खण ढकलून लावला. मग राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं. धाकटीने बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायचं, माझ्या तोंडावर. माझी खुर्ची दोन हातांवर आल्यावर हे असं दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक चालवणं? सापाला दूध पाजलं मी! तिच्या आईसाठी मी माझी दुपार घालवली होती. हो, त्या क्षणी मी असाही हिशेब केला. चोर तो चोर आणि वर शिरजोर, ही म्हण कुणासाठी झाली असेल ते मला आता कळतं.

मी खणाची किल्ली फिरवली, कार्ड पालथंच उचललं आणि सरळ तिसऱ्या खोलीत गेले.

संपादक सगळ्यांना नंबरानेच हाक मारतात. बायकोलाही मारत असतील. "या, चार नंबर. बसा."

"बसत नाही," मी म्हटलं. "तक्रार आहे. कोशात खासगी उखाळ्यापाखाळ्या काढायच्या नाहीत, असा आपला नियम आहे. आपल्याच माणसावर वाक्य केलंय. मुद्दाम केलंय. माझ्या हाताखाली हे असलं चालणार नाही. मला ह्या बाई नकोत."

त्यांनी भुवया वर केल्या, पण वाद घातला नाही. "तुम्ही म्हणाल तसं. एक तारखेपासून खुर्ची तुमची, माणसंही तुमची. त्यांना कायम करायचं पत्र मी फाडून टाकतो. पण आपल्याकडे कुणाला कारण न सांगता काढत नाहीत. बोलवा त्यांना."

मास्तरीणबाई आल्या. पदराला हात पुसत होत्या, बोटांना निळी शाई लागली होती. संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि चेहरा पांढरा पडला.

"माझ्या हातून कुणावर वाक्य?" त्या म्हणाल्या. "ताईंवर? अहो, मी कशाला करू? ते तर माझ्या थोरल्या बहिणीवर आहे!"

"बहिणीवर?" संपादक म्हणाले.

"हो ना. लहानपणी तिने बाबांचं घड्याळ विहिरीत पाडलं आणि नाव घेतलं शेजारच्या मैत्रिणीचं. बारा वर्षं त्या घराशी आमचा अबोला होता. आता हिची सून घरात काहीही फुटलं की हिचंच नाव घेते. आम्ही बहिणी तिला यावरून चिडवतो. आजच दुपारी फोन करून तिला सांगितलं, तुझं वाक्य टाकलं म्हणून. ती स्वतःच हसत होती." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "चुकलं असेल तर बदलते मी. पण सर, कामावरून... दोन वर्षं मी घरी बसले होते."

मी उभी होते तिथेच उभी राहिले. धाकटी नाही, निरोप नाही, कट नाही, काही नाही. विहिरीत पडलेलं एक घड्याळ. माझ्याच मनातलं चांदणं मला दिवसभर दिसत होतं.

आणि खरं सांगते, पहिल्यांदा वाटला तो सुटकेचा आनंद. कुणालाच काही माहीत नव्हतं. आता फक्त "माझा गैरसमज झाला" म्हणायचं आणि बाहेर पडायचं.

पण संपादकांनी तोवर मी पुढे ठेवलेल्या कार्डावर भिंग धरलं होतं. "पाच नंबर, तुमच्या बहिणीचा अबोला किती वर्षं म्हणालात?"

"बारा, सर."

"इथे बारा खोडलेलं आहे. वर लाल शाईत अकरा केलंय." त्यांनी कार्ड उलटलं. मागची बाजू कोरी होती. "चार नंबर, कारण नाही लिहिलंत? तुमच्याकडून पहिल्यांदाच राहिलं असेल."

मी वाकून पाहिलं. बारावर बारीक आडवी रेघ होती आणि वर माझ्या हातचं स्वच्छ, गोल अक्षर. अकरा. सकाळी माझ्या हाताने चूक पाहिली होती आणि दुरुस्त केली होती. माझ्या डोक्याला विचारायला तो थांबला नव्हता. सत्तावीस वर्षं शिकवलेला हात. चुकीचा आकडा त्याला सोडवेना.

"बारा काय नि अकरा काय," संपादक म्हणाले, "उदाहरणाला काय फरक पडतो? पण नियम तो नियम. मागे कारण लिहा, म्हणजे कार्ड पुढे जाईल. आणि ह्या बाईंचं काय करायचं, तेही सांगा. तक्रार कायम आहे की नाही?"

त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. सुटायला मला एक ओळ पुरत होती. 'ओळीत बसत नव्हते.' अशी शेकडो कारणं मी लिहिली आहेत. त्यांनी भिंगाशिवायच मान हलवली असती.

मी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. आता मी बोलेन, मग बोलेन, म्हणून. ते तसलं बघणं मी ओळखत होते. टेबलावर संपादकांचा टोकयंत्राचा डबा होता, पेन्सिलीही होत्या. माझा हात तिकडे जातो की काय, अशी मलाच भीती वाटली.

मी लाल पेन उघडलं आणि कार्डामागे लिहिलं. 'बारा नव्हे, अकरा. शाळेच्या आवृत्तीतले ते पान पाच नंबरने वाचलेले नव्हते. ते मी वाचले आणि नंबर तिचा टाकला. चूक माझी होती. नंतर मी गप्प बसले.' खाली नंबर टाकला चार.

संपादकांनी एकदा वाचलं. मग भिंग पुसून पुन्हा वाचलं. त्यांनी तेव्हा धाकटीला दोन ओळींचं पत्र दिलं होतं, स्वतःच्या सहीचं.

"बाई, तुम्ही जा, काम करा," ते मास्तरीणबाईंना म्हणाले. "तुम्हाला कायम केल्याचं पत्र आजच निघेल." त्या गेल्यावर त्यांनी खण उघडला, माझं बिनतारखेचं पत्र काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. मग पाणी मागितलं आणि प्यायले.

"कारण लिहिलंत," शेवटी म्हणाले. "त्याखाली सही लागते. ज्याच्या नंबरचं काम, त्याची."

"मास्तरीणबाईंची घेते."

"त्यांची नाही," ते म्हणाले. "जुन्या पाच नंबरची आणा. मग पुढचं बघू."

धाकटी कुठे असते ते मला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. तीन चौक सोडून एका वह्यापेनांच्या दुकानात ती गल्ल्यामागे उभी असते. तो रस्ता लागला की मी पलीकडच्या बाजूने जायचे, आणि नवऱ्याला सांगायचे की इकडे ऊन लागतं. त्या दिवशी ऊन होतं त्याच बाजूने गेले.

दुकानात शाळेतून सुटलेल्या मुलींची गर्दी होती. धाकटीचे केस पिकले होते. कानावर पेन्सिल होती, जुनी सवय. तिने वर बघितलं, मला ओळखलं, आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "काय देऊ?"

मी कार्ड मागच्या बाजूने पुढे केलं. रस्ताभर जुळवलेली चार वाक्यं होती, त्यातलं एकही तोंडातून फुटेना. "सही हवी आहे," एवढंच म्हटलं.

तिने ते वाचलं. आम्ही मुद्रितं वाचायचो तसं, बोट ओळीखाली धरून, सावकाश, शेवटच्या नंबरापर्यंत. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग कानावरची पेन्सिल काढली आणि कार्ड तसंच पालथं गल्ल्यावर टेकवलं. मला वाटलं, सही करते आहे. मला रडू यायला लागलं होतं.

तिने 'अकरा'च्या पुढे एक खूण केली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'वर्षे, दोन महिने, नऊ दिवस'. खाली नंबर टाकला पाच.

कार्ड माझ्याकडे सरकवून तिने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "तुला काय हवंय गं?"